ज्वाळांचं गाजर का होतं?

मिनी, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या मूर्ती, रंगवणाऱ्या एकाचा प्रश्न असा आला: "ताई, २८ मिमीचा एक मशालवाला आणि एक फायर एलिमेंटल (आगीचाच बनलेला प्राणी) रंगवतोय. आधी लाल, त्यावर नारिंगी, टोकांना पिवळा, सगळं क्रमाने केलं. ब्लेंडिंगही बरं जमलंय. तरी मशाल म्हणजे हातात धरलेलं गाजर वाटतं आणि एलिमेंटल म्हणजे रागावलेली मिरची. फोटो पाठवलाय, चुकतंय कुठे?"

गाजर म्हणालास ते बरं झालं, कारण निदान त्या शब्दातच आहे. गाजरावर बाहेरून उजेड पडतो, आणि तू ज्वाळा तशाच रंगवल्या आहेस. यात तुझा दोष कमी, सवयीचा जास्त. झगा, चिलखत, चेहरा रंगवताना पहिल्या दिवसापासून हाताला एकच वळण लागतं: घडीत गडद, उंचवट्यावर फिका, धारेवर सगळ्यात फिकी रेघ. पन्नासेक मिनी झाल्या की हात हे डोक्याला न विचारता करायला लागतो. ज्वाळेपाशी आलं की हे वळण मोडावं लागतं, कारण इथे उजेड आतून बाहेर येतो. बुडाशी आणि खोबणीत पांढरट पिवळा, उंचवट्यावर नारिंगी, टोकांकडे तांबडा, आणि अगदी शेंड्याला, तेही सगळ्या शेंड्यांना नाही, काजळी. ब्लेंडिंग बदलू नकोस. रंगांची शिडी तीच, फक्त उलटी लाव.

उलटी का, हे एकदा कळलं की कुठलीही कृती पाठ करावी लागत नाही. आज संध्याकाळी घरातली समई किंवा साधी मेणबत्ती लाव आणि खोलीतला दिवा बंद करून पाच मिनिटं नुसतं बघ. ज्योतीच्या बुडाशी पातळ निळसर पट्टा दिसेल. वातीच्या आजूबाजूला एक अंधूक, जवळजवळ पारदर्शक भाग असतो. त्याच्यावर ती झगझगीत पिवळी पाकळी. पूर्वी घरोघरी काजळ धरायचे ते आठव: दिव्यावर पालथं भांडं धरलं की काळी पूड जमायची. ते काजळ आधीपासून ज्योतीतच असतं. कार्बनचे बारीक कण तापून उजळतात, तो आपला पिवळा रंग. मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर मेणबत्ती या एकाच विषयावर सहा व्याख्यानं दिली, त्यात हीच गोष्ट त्याने करून दाखवली होती. हे कण वर जाता जाता थंड होतात, म्हणून तांबूस दिसतात, आणि जे पूर्ण जळत नाहीत ते धूर होऊन निघून जातात. लोहाराच्या भट्टीतल्या सळईचंही तेच: ७०० अंश सेल्सियसच्या आसपास तांबडी, हजाराच्या आगेमागे नारिंगी, त्याहून वर पिवळी, मग पांढरट.

दुसरी गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत, पण आपल्या कामाची तीच जास्त आहे. ज्वाळेला जाडी असते आणि ती थोडीफार आरपार दिसते. मध्यावर नजर टाकली की उजळणाऱ्या कणांचा जाड थर एकावर एक दिसतो, म्हणून मध्य झगझगीत. कडेला तोच थर पातळ होतो, म्हणून कड नारिंगी आणि हलकी. शिल्पकाराने मिनीवर ज्वाळेच्या जिभा कोरलेल्या असतात तेव्हा जिभांमधली खोबण म्हणजे आगीचा गाभा आणि जिभेची धार म्हणजे तिची पातळ कड, असं धरून चाल. धारेवर पिवळी रेघ मारलीस की तिथे प्लास्टिक दिसणारच.

आता थोडी दुरुस्ती, नाहीतर समईकडे बघून तूच मला विचारशील. "बुडाशी सगळ्यात उजळ" हे मेणबत्तीला लागू पडत नाही, तिथे उजळ भाग मधल्या उंचीवर असतो. होळीसारख्या मोठ्या आगीत मात्र लाकडांना लागून असलेला भाग सगळ्यात तेजाळ दिसतो आणि वरच्या जिभा नारिंगी होऊन तुटतात. मशालही लहान होळीच आहे, म्हणून तिला होळीचा नियम लावायचा. मेणबत्तीची मिनी रंगवायची असेल (कवटीवर मेणबत्त्या लावलेले ते जादूगार असतात ना) तर एक थेंबभर फिका पिवळा, टोकाला किंचित नारिंगी, संपलं. दोन मिलिमीटरच्या ज्योतीत पाच रंग कोंबणारे लोक मी पाहिलेत, मीही कोंबलेत. हातभर अंतरावरून तो नुसता ठिपका दिसतो, तोही मळकट.

म्हणून ब्रश उचलण्याआधी आकाराचा हिशोब. २८ मिमीला माणूस साधारण एकास साठ प्रमाणात असतो. तुझी मशालीची ज्वाळा १० मिमी असेल तर ती खऱ्यात ६० सेंटीमीटरची झाली. तिला चार छटा पुष्कळ: जवळजवळ पांढरा, पिवळा, नारिंगी, तांबूस तपकिरी. एलिमेंटल हाताएवढा असेल तर सहा-सात छटा आणि काळ्या शेंड्यांची चैन परवडेल.

मशाल आधी. जमलं तर ज्वाळा काडीपासून सुटी ठेव, शेवटी चिकटव. आत्ता चिकटलेली असेल तर राहू दे, पण तो भाग पुन्हा पांढरा कर. पिवळ्याचं दुखणं तुला माहीत असेलच: हॉबी पेंटमधले बहुतेक पिवळे आरपार असतात, गडद रंगावर चार थर दिले तरी खालचा तपकिरी हसत बसतो. लालावर पिवळा चढवायची धडपड तू केलीस तेव्हा त्यात पांढरा मिसळावा लागला असणार, आणि तुझ्या टोकांना तो खडूसारखा कोरडेपणा त्यामुळेच आलाय. पांढऱ्यावर सुरुवात केली की हे भांडणच मिटतं. पांढरा म्हणजे हस्तिदंती पांढरा चालेल, किंबहुना जास्त बरा.

त्यावर पातळ पिवळा. इथे वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, वापरतात, मीही वापरते, पण वॉश खोबणीत साचतो आणि आपल्याला खोबणच उजळ हवी आहे. म्हणून वॉश लावल्यावर अर्ध्या मिनिटात कोरडा स्वच्छ ब्रश टेकवून साचलेलं तळं टिपून घ्यायचं. कॉन्ट्रास्ट प्रकारच्या रंगांचंही हेच, ते तर बनवलेलेच आहेत खोबणीत गडद बसायला. आणि काळा किंवा तपकिरी वॉश ज्वाळेवर अजिबात नको. आगीला स्वतःची सावली नसते.

मग नारिंगी, ग्लेझ (आरपार दिसणारा पातळ थर) करून. रंगाच्या एका भागाला पाणी आणि ग्लेझ मिडियम मिळून चार-पाच भाग, ब्रश टिश्यूवर टेकवून अर्धा कोरडा केलेला. ग्लेझची खुबी अशी की ब्रश जिथे उचलतोस तिथे सगळ्यात जास्त रंग पडतो. म्हणून प्रत्येक फटकारा खालून सुरू करून शेंड्यावर संपव. उलट दिशेने ओढलास तर नारिंगी बुडाशी जमेल आणि गाजर परत येईल. खालचा तिसरा हिस्सा सोडून द्यायचा, त्याला नारिंगीचा स्पर्शही नको. थर वाळू दे. न वाळलेल्या ग्लेझवर दुसरा हात फिरवला की खालचा थर उखडून भोक पडतं. आपल्या पंख्याखाली पाच मिनिटं पुरतात, पावसाळ्यात पंधरा धर.

तांबडा फक्त शेवटच्या पावभागात, आणि बाटलीतला भडक लाल सरळ नको. नारिंगीत थोडा विटकरी तपकिरी मिसळ. निव्वळ लाल डोळ्याला पुढे येतो आणि टोक रंगवलेलं दिसतं. विटकरी मागे सरकतो, टोक विझत चालल्यासारखं वाटतं. शेवटी परत खाली ये: हस्तिदंती पांढऱ्याचा बारीक ठिपका खोबणीच्या तळाशी, काडीला जिथे आग लागली आहे तिथे. शुद्ध पांढरा एखाद-दुसऱ्या जागीच. सगळीकडे पांढरा म्हणजे कुठेच प्रखर नाही.

रंग मिसळताना दोन खड्डे आहेत. पिवळा गडद करायला त्यात काळा घातलास तर शेवाळी हिरवा मिळतो, म्हणून पिवळ्याला नारिंगीनेच गडद करायचं. आणि लाल उजळ करायला पांढरा घातलास तर गुलाबी. ज्वाळेत गुलाबी दिसला की लग्नाच्या मंडपातली कागदी आग आठवते. लालाला नारिंगीने उजळ कर.

एलिमेंटलला इतकं नाजूक बसून करू नकोस, आयुष्य जाईल. तिथे उलटा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासणं). नेहमी गडदावर फिका घासतो, इथे फिक्यावर गडद. सगळी आकृती पांढरी, मग पिवळी, साचलेलं टिपलेलं. त्यानंतर मऊ गोल ब्रश घे, मेकअपचा स्वस्तातला जुना ब्रश याला उत्तम. नारिंगी घेऊन तो टिश्यूवर इतका पूस की जवळजवळ काहीच उरणार नाही, आणि जिभांच्या उंचवट्यांवरून वरच्या दिशेने हलके फिरव. खोबणी आपोआप पिवळ्या राहतात. ड्रायब्रशला खोलात जाता येत नाही, ती त्याची एरवीची मर्यादा, इथे तेच काम करून देते. मग विटकरी, फक्त वरच्या अर्ध्याला. मग काळपट तपकिरी, फक्त शेंड्यांना. शेवटी ग्लेझने दोन-चार जागी खडबडीतपणा बुजव. छाती, तोंड आणि डोळ्यांच्या खोबणी पुन्हा पांढरट कर, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच जायला हवी. काळे शेंडे सगळ्या जिभांना सारखे दिलेस तर आगपेटीतल्या काड्या दिसतील. पाचातल्या दोनांना दे, त्याही शेजारच्या नकोत.

रंग कुठले? मी वायेहो कंपनीचे आइस यलो, सन यलो, ऑरेंज फायर वापरते. सिटाडेलच्या बाटल्यांतही हीच शिडी लावता येते. पण खर्च आत्ताच करू नकोस. तुझ्याकडे कॅमलचे ट्यूबमधले आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिक असतील तर पिवळा, नारिंगी, बर्न्ट सिएना आणि पांढरा, एवढ्यावर ज्वाळा होते. ट्यूबमधला रंग घट्ट असतो, म्हणून एकदम पाणी ओतायचं नाही, थेंबाथेंबाने घालून दुधाइतका सैल करायचा. वेट पॅलेटही विकत नको. जुन्या स्टीलच्या डब्यात भांडी घासायचा नवा स्पंज ओला करून ठेव, त्यावर स्वयंपाकघरातला बटर पेपर. रंग तासन्‌तास ओला राहतो. ब्रश मात्र चांगला घे, एक नंबरचा, टोक धरणारा. तीन शून्याचा ब्रश कामाचा वाटतो, पण त्याच्या पोटात रंग मावत नाही आणि तो टोकाला पोचायच्या आत वाळतो.

फ्लुरोसेंट रंगांचं विचारशीलच. नारिंगीवर फ्लुरोसेंट नारिंगीची एक पातळ ग्लेझ दिली की ज्वाळा खरंच पेटते, कारण तो रंग डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. पण उन्हात ठेवलेल्या मिनीवर तो लवकर फिका पडतो. खिडकीशेजारच्या कपाटात ठेवणार असशील तर त्याच्या भरवशावर राहू नकोस. खालची शिडी नीट असली तर तो उडाला तरी आग उरते.

आता खरं दुखणं. तुझ्या मशालवाल्याची ज्वाळा उद्या अगदी बरोबर रंगवलीस तरी ती पेटलेली दिसणार नाही, कारण तू त्या माणसाला भर दुपारी उभं केलं आहेस. झगा उजळ निळा, चेहरा गोरापान, बेसवर (पायाखालच्या चकतीवर) हिरवंगार गवत. आग उजळ दिसते ती शेजारच्या अंधारामुळे. होळी दिवसा पेटवली तर ज्वाळा जेमतेम दिसते, रात्री तीच होळी चौक उजळते, आणि लाकडं तीच असतात. तुझ्याकडचा सगळ्यात उजळ रंग म्हणजे पांढरा, त्याच्यापुढे बाटलीत काही नाही. ज्वाळा अजून उजळ करता येत नसेल तर बाकी सगळं खाली उतरवायचं. झगा दोन छटा गडद कर, गवत मळकट हिरव्या-तपकिरीत ने, बाकी धारांवरच्या फिक्या रेघा पुसून टाक. मोबाइलवर मिनीचा फोटो काढून तो कृष्णधवल करून बघ. ज्वाळेचा गाभा सगळ्या फोटोत एकमेव पांढरा दिसला पाहिजे. चेहरा किंवा तलवार त्याच्या बरोबरीने चमकत असेल तर ज्वाळेला हात लावायच्या आधी त्यांना विझव.

आणि मग उजेड पाडणं, ज्याला सगळे ओएसएल (ऑब्जेक्ट सोर्स लायटिंग) म्हणतात. हे शिकायला मी कुठल्याही व्हिडिओपेक्षा सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं ते जलरंगातलं चित्र जास्त वेळ बघितलंय, हातात दिवा घेतलेली बाई. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बरेच लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. त्यात ज्योत हाताच्या आडोशाला आहे. बोटांतून झिरपणारी लाली आणि चेहऱ्यावर, साडीवर पसरलेला मऊ उजेड एवढ्यावर दिवा लागलेला कळतो. आपल्या मशालवाल्याला यातून घ्यायचं ते हे, की बघणाऱ्याला आगीची खात्री आजूबाजूच्या गोष्टी पटवतात.

उजेड कुठे पडेल हे ठरवायला अंदाज नको. ज्वाळेच्या जागी आपला डोळा आहे असं समज आणि तिथून मिनीकडे बघ: जे दिसतं त्यावर उजेड, जे दिसत नाही त्यावर काही नाही. अजून सोपं म्हणजे अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मशालीच्या बाजूने धरून फोटो काढ आणि तो समोर ठेवून रंगव. अंतर वाढलं की उजेड झपाट्याने मरतो: दुप्पट अंतरावर चौथाई, तिप्पट अंतरावर नववा हिस्सा. मशाल धरलेला हात आणि त्या बाजूचा गाल भरपूर उजळ, खांद्याची कड थोडी, कमरेपाशी नुसती चाहूल, बुटांवर काही नाही. नवशिके नेमके बुटांपर्यंत नारिंगी नेतात आणि मग मशालीऐवजी तो माणूस हळदीत पडल्यासारखा दिसतो.

रंगाचाही विचार कर. निळ्या झग्यावर नारिंगी उजेड पडला तर झगा नारिंगी होत नाही. निळं कापड नारिंगी प्रकाशातला बराचसा भाग गिळतं, उरतो तो मळकट, राखाडी-तपकिरी उजेड. मी निळ्यावर आधी उबदार राखाडी ग्लेझ देते आणि मशालीच्या सगळ्यात जवळच्या घडीवरच थोडा नारिंगी. कातडी, लाकूड, तपकिरी चामडं नारिंगीला आपणहून साथ देतात, तिथे हात सैल सोडलास तरी चालेल. धातूचं वेगळं, तो आरशासारखा वागतो: तलवारीवर मऊ उजेड पसरत नाही, एक बारीक झगझगीत पिवळी रेघ येते आणि बाकी पातं काळपट राहतं. आणि पडलेला उजेड कधीही ज्वाळेच्या नारिंगीपेक्षा उजळ नको. मशालीच्या काडीचं तोंड मात्र काळंच कर. जळणारं लाकूड आगीशेजारी कोळसा झालेलं असतं, आणि त्या काळ्यामुळे शेजारचा पिवळा फुकटात उजळतो.

पारदर्शक प्लास्टिकच्या ज्वाळा हल्ली बऱ्याच मिनींबरोबर येतात. त्यांना प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारू नकोस, पारदर्शकपणाचे पैसे वाया. फक्त शेंड्यांकडून खाली पातळ नारिंगी शाई दे, बूड कोरं ठेव. निळी किंवा हिरवी जादूची आग हवी असेल तर शिडी तीच, रंग वेगळे: पांढरा, फिका आकाशी, निळा, गडद निळा. खालून वर, आतून बाहेर.

राहिलं वार्निश. ज्वाळेवर ग्लॉस नको. ग्लॉसमध्ये खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि बाहेरून उजेड पडलेलं ते गाजर परत हजर. मॅट स्प्रे वापर, पण पावसाळ्यात नाही. दमट हवेत मॅट स्प्रे पांढरा धुरकट बसतो आणि प्रायमर रव्यासारखा खरखरीत. एका जुलैत घाई करून मी गॅलरीत दारं लावून स्प्रे मारला आणि दोन संध्याकाळी खपून रंगवलेला अख्खा ड्रॅगन पिठात घोळल्यासारखा झाला. त्याच्या तोंडातली आग मी तीन वेळा रंगवली आहे, त्यामुळे ही शिडी मला झोपेतही येते. ब्रशने लावायचं मॅट वार्निश पातळ करून दे, किंवा मिनी डब्यात झाकून ठेव आणि ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी स्प्रे कर.